खाटेवरून दिसेल असा टी.व्ही.

सावरगावच्या जयवंताबाई कामडींनी टी.व्ही. घेतला तेव्हा मी त्यांच्यासोबत दुकानात होते. कोणता घ्यायचा हे त्यांनीच ठरवलं, पण "घ्याच तुम्ही," असं मीही म्हटलं होतं. म्हणून ही गोष्ट सांगताना मला स्वतःला बाजूला ठेवता येत नाही.

मी मूळची सौसरची. १९८३ साली सावरगावच्या मराठी शाळेत शिक्षिका म्हणून लागले आणि कामडींच्या घरासमोर एक खोली घेतली. जाम नदीच्या अलीकडे आमचं सावरगाव, पलीकडे पांढुर्णा. बाजार, दवाखाना, रेल्वे सगळं पलीकडे. बागा आणि शेतं अलीकडे.

जयवंताबाई तेव्हा पंचेचाळीस-सत्तेचाळीसच्या असतील. उंच, हाडकुळ्या, आवाज असा की बागेतून हाक मारली तर नदीवर धुणं धुणाऱ्या बाया मान वर करत. अक्षर वाचता येत नव्हतं, पण कोणतीही वस्तू तपासल्याशिवाय त्या घरात आणत नसत. मडकं घ्यायचं तर दहा मडक्यांवर टिचक्या मारून, कान लावून. सुपाची कड दातानं चावून बघत. दुकानदार त्यांना पाहिलं की अर्धा माल आपणच खाली काढून ठेवत.

त्यांचे यजमान पुंडलिकराव म्हणजे बोलका माणूस. झाडाखाली उभे राहून, मान वर करून सांगायचे, यावर इतकी संत्री आहेत. तोडणी झाली की पाच-दहाचाच फरक निघायचा. सकाळी मी शाळेला निघाले की ओट्यावरून विचारत, "बाई, आज किती टाळकी येतीन?" मी आकडा सांगायचा आणि संध्याकाळी परतताना खरा आकडा त्यांना द्यायचा, असा आमचा खेळच होता.

८५ च्या डिसेंबरात, संत्र्याच्या पेट्या भरणं चालू असताना, पुंडलिकराव बोलता बोलता थांबले आणि पेटीवरच कलंडले. लकवा. नागपूरच्या दवाखान्यात तीन आठवडे काढून संक्रांतीच्या दोन दिवस आधी घरी आणलं. उजवं अंग पूर्ण गेलेलं. मान फक्त डावीकडे वळायची. डावा हात हलायचा. वाचा गेली. घशातून एक घरघरता आवाज यायचा, तो कशासाठी आहे हे ओळखायचं काम जयवंताबाईंचं.

त्या ते काम मनापासून करत. पाणी हवं, कूस बदलायची, पांघरूण नको, सगळं त्या डोळ्यांवरून ओळखत. मला म्हणत, "बाई, तोंडानं बोलत होते तवा अर्धं खोटं बोलत. डोळ्यानं माणूस खोटं नाई बोलत."

त्यांची खाट मधल्या खोलीत भिंतीला लागून होती. ही भिंत इतर भिंतींसारखी नव्हती. घर मुळात एकच होतं. वडील वारल्यावर दोघा भावांनी राजीखुशीनं दोन हिस्से केले होते आणि मधात येण्याजाण्यासाठी दरवाजा ठेवला होता. धाकटा भाऊ भिवाजी पलीकडे राहायचा. त्या दरवाज्याच्या जागी आता एका विटेची भिंत होती, आणि ती नऊ वर्षांपूर्वी भिवाजीनंच घालून घेतली होती.

ते असं झालं. पुंडलिकरावांना एकच मुलगी, सुमन. तिच्यासाठी भिवाजीनं सौसरचं स्थळ पाहिलं, थोरल्या भावाला विचारून शब्द दिला, सुपारी फोडून आला. तेवढ्यात जयवंताबाईंच्या भावानं लोधीखेड्याचं स्थळ आणलं. घर मोठं, माहेरच्या ओळखीचं. जयवंताबाईंनी हट्ट धरला आणि पुंडलिकराव बायकोपुढे नमले. सौसरला जाऊन नकार सांगायची वेळ भिवाजीवर आली. तिथल्या लोकांनी त्याला अंगणातच उभं ठेवलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. घरी आल्यावर तो भावाला एवढंच बोलला, "दादा, तू मले लोकायच्या दारात उभं केलं." दुसऱ्या दिवशी गवंडी आला. दरवाजा बुजत होता तेव्हा पुंडलिकराव दिवसभर बागेत बसून राहिले.

या भिवाजीला जयवंताबाईंनी वाढवलं होतं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा तो सहा वर्षांचा. सासू दम्यानं बेजार, म्हणून आंघोळ घालणं, डोक्याला तेल लावणं, शाळेत पाठवणं सगळं नव्या नवरीकडे. आणि थोरला भाऊ तर त्याला जीव लावणारा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामच्या पात्रात दोन्ही गावांत दगडफेकीचा खेळ होतो, त्या गोटमारीत एका वर्षी भिवाजीचं डोकं फुटलं, तेव्हा पुंडलिकरावांनी त्याला पाठुंगळीला घेऊन पाण्यातून बाहेर काढलं होतं, हे गावात अजून सांगत. तरी नऊ वर्षं दोन्ही घरं एकमेकांशी बोलली नाहीत. विहिरीवर भेट झाली तरी भिवाजी मान खाली घालून निघून जायचा.

त्या दिवाळीत भिवाजीनं टी.व्ही. घेतला होता. आमच्या गल्लीतला तो पहिलाच. संध्याकाळी तो लागला की एका विटेच्या भिंतीतून बातम्या, गाणी, शेतीच्या गोष्टी सगळं कामडींच्या मधल्या खोलीत ऐकू यायचं.

फेब्रुवारीत एकदा मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले होते. जयवंताबाई मागच्या अंगणात म्हैस दोहत होत्या. मी पुंडलिकरावांजवळ बसले. पलीकडे टी.व्ही. लागला, तसे त्यांचे डोळे भिंतीकडे वळले, मग मान वळली. डावा हात हळूहळू सरकत भिंतीपर्यंत गेला आणि त्यांनी तळव्यानं थाप मारली. थप, थप, थप. थोडं थांबून पुन्हा. पलीकडचा आवाज वाढला.

जयवंताबाई दुधाची बादली घेऊन आल्या. "पाह्यलं ना बाई? रोज असंच करते हा माणूस. तिकडे वाजला का ह्यायचा हात चालला भिंतीवर."

"त्यांना टी.व्ही. पाहावासा वाटत असेल," मी म्हटलं.

"दुसरं काय? दिवसभर आढं पाहून पाहून माणूस कंटाळते. आन् ते पाहा, आवाज वाढवला. आमाले ऐकू यावं म्हणून वाढवते ते केसर. दाखवाले."

केसर म्हणजे केसरबाई, भिवाजीची बायको. ती मला पाणवठ्यावर भेटायची आणि दर वेळी जेठांची, म्हणजे पुंडलिकरावांची, तब्येत विचारायची. मार्चमध्ये एकदा तिनं मला बाजूला घेतलं. "बाई, एक निरोप सांगता का? म्हणा, आमचा टी.व्ही. हाये त जेठजीले इकडे आणून बसवत जा संध्याकाळी. हे उचलून आणतीन."

मी तो निरोप सांगितला. जयवंताबाई चुलीपुढे बसल्या होत्या. हातातली भाकर त्यांनी तव्यावर टाकली, शेकली, काढली. मग म्हणाल्या, "तिले सांगजा, आमच्या घरात काय कमी हाये? संत्र्याचा बहार विकला हाये. माह्या माणसाले मी माह्या घरात दाखवीन टी.व्ही."

मला ते बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? माझ्या मनात आलं, हा माणूस पडल्या पडल्या जग पाहील. मी म्हटलं, "घ्याच तुम्ही."

एप्रिलमधल्या एका रविवारी आम्ही नदी ओलांडून पांढुर्ण्याच्या बाजारात गेलो. रविवार मी मुद्दाम निवडला, कारण त्या दिवशी सकाळीही कार्यक्रम असायचे. दुकानात चालू टी.व्ही. पाहता येणार होता. तुळशीराम नावाचा आधी रेडिओ दुरुस्त करणारा माणूस आता टी.व्ही. विकायचा. त्याच्याकडे पाच-सहा संच मांडलेले होते.

"कोणासाठी पाह्यजे, काकू?"

"झोपून पाह्यणाऱ्या माणसासाठी."

तुळशीरामला ते नीट कळलं नाही. त्यानं सवयीनं मोठा, लाकडी पेटीचा, शटर असलेला संच पुढे केला. "हा पाहा. लग्नात सगळे हाच देऊन राहिले."

"मले लग्न नाई करायचं. लाव."

त्यानं लावला. पडद्यावर सूट घातलेला एक माणूस काहीतरी समजावून सांगत होता. जयवंताबाई समोर उभं राहून पाहायला तयार नव्हत्या. त्यांनी दुकानातलं एक रिकामं पोतं खाली पसरलं, डोक्यावरचा पदर नीट घेतला आणि भर दुकानात जमिनीवर आडव्या झाल्या. उजवा हात अंगालगत सरळ ठेवला, जणू तो हलतच नाही, आणि मान डावीकडे वळवली. दोन गिऱ्हाइकं होती, ती हसली. तुळशीराम हसला नाही. त्याला आता कळलं होतं.

"बाई, तुम्ही दारात उभ्या राहा," त्या खालूनच म्हणाल्या. मी दारात गेले. "याच्यात त तुम्हीच दिसून राहिल्या. तो माणूस कोठी गेला?"

मी जवळ येऊन वाकून पाहिलं. खरंच होतं. फुगीर काचेत दाराचा उजेड आणि मी, एवढंच दिसत होतं; आणि कडेनं पाहिलं तर त्या बिचाऱ्या सूटवाल्याचा एक गाल ताणल्यासारखा लांबडा झालेला.

"काच अशी पोटावानी काऊन आली बाहेर?" त्यांनी विचारलं.

"नळीच तशी असते काकू. मधात फुगीर. समोर बसून पाह्यलं त समजत नाई."

"समोर बसता येत असतं त तुह्याकडे आलीच नसती. सपाट काचेचा दाखव."

"बिलकुल सपाट कोणाचीच नसते. कमी-जादा असते."

"मंग कमीवाला दाखव."

एकामागून एक त्यानं सगळे लावले. प्रत्येकापुढे त्या आडव्या झाल्या. मला कधी दारात उभं केलं, कधी खिडकीत. उठून काचेवरून तळवा फिरवला, वरून खाली, डावीकडून उजवीकडे. एक रंगीतही होता. त्याचे रंग नागपूरच्या लहरीवर येत-जात होते. त्यातल्या बाईचं लुगडं हिरव्याचं राखाडी व्हायचं. "हा नको. त्यायले वाटन आपले डोयेच गेले," असं म्हणून तो बाद झाला. एकाची काच चांगली होती, पण आवाज बाजूच्या जाळीतून यायचा. त्या डोळे मिटून ऐकत पडल्या आणि म्हणाल्या, "आवाज भिंतीले सांगून राहिला, माणसाले नाई."

शेवटी मधल्या आकाराचा, काळा-पांढरा, साध्या पेटीचा एक संच त्यांना पटला. काच बाकीच्यांपेक्षा बरीच सपाट, जाळी समोर. त्यापुढे त्या पाचेक मिनिटं निश्चल पडून राहिल्या. मी वर उभी होते; त्यांचा चेहरा मला दिसत होता. त्यांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडे ओघळलं. "असं दिसते त्यायले सगळं," त्या म्हणाल्या. "मी चार महिन्यांत एकडाव बी असं पडून नाई पाह्यलं."

दुसऱ्या दिवशी तुळशीराम स्वतः बसवायला आला. कवेलूंच्या छपरावर तीस फुटांचा पाइप उभा केला आणि नागपूरच्या दिशेनं अँटेना फिरवत ओरडला, "आलं का?" आम्ही खालून, "मुंग्याच हायेत!" तास गेला. मग चित्र आलं.

पण ठेवायचा कुठे? जयवंताबाईंनी खोलीत चारही बाजूंना बसून पाहिलं. दाराचा उजेड काचेवर पडणार नाही अशी एकच जागा होती, बुजवलेल्या दरवाज्याच्या समोरची. मान तर डावीकडेच वळणार. म्हणून त्यांनी खाट भिंतीपासून हातभर सरकवली आणि पुंडलिकरावांचं उशाकडचं डोकं पायथ्याकडे केलं. आता टी.व्ही. त्यांच्या डाव्या हाताला, नजरेच्या बरोबर रेषेत आला. भिंत उजवीकडे, मेलेल्या अंगाकडे गेली.

पहिल्या संध्याकाळी अर्धी गल्ली जमली. शेतीचा कार्यक्रम लागला. कोणीतरी कलमांविषयी बोलत होता. पुंडलिकराव पडद्याकडे पाहत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पाहा, पाहा," जयवंताबाई पदरानं ते टिपत म्हणाल्या, "कसे खूश झाले." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्यानंतर तीन-चार दिवसांत पलीकडच्या टी.व्ही.चा आवाज येईनासा झाला. जयवंताबाईंनी मला ते मुद्दाम सांगितलं. "आता वाजवत नाई केसर. कोणाले ऐकवन?"

उन्हाळा गेला, शाळा पुन्हा सुरू झाली. मी संध्याकाळी जायची. पुंडलिकरावांत काहीतरी कमी झालं होतं. पूर्वी मी मुलांचा आकडा सांगितला की डोळे लकाकायचे. आता ते माझ्याकडे पाहतही नसत. एक नवीच गोष्ट सुरू झाली होती. जी मान उजवीकडे वळत नव्हती, ती ते वळवू पाहत. गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या, तोंड लाल व्हायचं. जयवंताबाई हलक्या हातानं मान सरळ करत. "अहो, इकडे पाहा ना. टी.व्ही. इकडे हाये." मान पुन्हा तिकडे जाऊ लागली की त्या उशी सारखी करत. डावा हात खाटेच्या माचव्यावर आपटत राहायचा. आम्हाला वाटायचं, हाताला चाळा लागला.

जुलैत एका दुपारी ते उजव्या अंगावर खाटेवरून खाली पडले. लोधीखेड्याहून सुमन आली. मायलेकींनी विचार करून त्या बाजूला, खाट आणि भिंतीच्या मधल्या जागेत, वाकळांची गुंडाळी करून गच्च भरली. पुन्हा पडू नयेत म्हणून.

पोळा झाला. त्यानंतर चौथ्या दिवशी, दुपारी दीडच्या सुमारास, जयवंताबाई मऊ भात भरवत होत्या. दोन घास गेले. तिसरा ओठांतच राहिला.

मुलगा नव्हता. अग्नी द्यायला भाऊच. मी आणि गल्लीतले रामाजी पलीकडे निरोप द्यायला निघालो, तर भिवाजी आधीच दारात उभा होता. रडणं त्या भिंतीतून त्याला ऐकू गेलं होतं. नऊ वर्षांनी तो त्या घरात पाऊल टाकत होता. उंबऱ्यावर क्षणभर थांबला आणि जयवंताबाईंकडे पाहिलं, येऊ का असं विचारल्यासारखं. त्यांनी दारातून अंग बाजूला केलं.

त्यानं सगळं केलं. जामच्या काठी अग्नी दिला, अस्थी गोळा केल्या, दहाव्याला डोकं भादरलं.  तेराव्याला जेवणं उरकली, पाव्हणे पांगले. दुपारची वेळ. मधल्या खोलीत जयवंताबाई, सुमन, केसरबाई आणि मी बसलो होतो. भिवाजी आत आला आणि बुजवलेल्या दरवाज्यापाशी जमिनीवर बसला.

"वैनी, एक विचारू? रागावू नका."

"विचारा भाऊजी."

"दादाची खाट इथून काऊन हालवली?"

"टी.व्ही. दिसावा म्हणून."

"दादाले टी.व्ही. पाह्यजे होता?"

"नाई त काय? तुमच्याकडे वाजला का भिंतीवर हात मारत. रोज. या बाईले विचारा."

भिवाजीनं मागच्या भिंतीवर तळवा टेकवला. मग म्हणाला, "वैनी, दादा मले हाक मारे."

जयवंताबाईंनी भिंतीकडे पाहिलं.

"पहिल्या दिवशी मले वाटलं, आवाजाचा तरास होऊन राहिला. मी बंद केला. त थाप थांबेच ना. मंग मी इकडून मारून पाह्यली. दोन मारल्या, त तिकडून दोन आल्या. तीन मारल्या, त तीन. मले समजलं." त्यानं भिंतीला पाठ टेकवली. "मंग मी बागेतून आलो का टी.व्ही. लावू, म्हणजे दादाले समजावं का भिवा आला. त्यानं थाप मारली का मी आवाज वाढवू, म्हणजे ऐकलं म्हणून. मंग आवाजाच्या आडून आमी दोघं थापा मारू. कधी अर्धा घंटा चाले."

"हे टी.व्ही. पाहतच नव्हते जी," केसरबाई म्हणाली. "भिंतीले पाठ लावून बसत, टी.व्ही.कडे तोंड करून. मी निरोप पाठवला होता ना बाईजवळ."

जयवंताबाईंचा चेहरा मला पाहवत नव्हता. त्या म्हणाल्या, "मंग सांगितलं काऊन नाई, भाऊजी? येऊन सांगायचं ना मले."

"याच्या आधीच आलो होतो ना, दादाले पाह्याले. संक्रांतीच्या दिवशी." भिवाजीच्या आवाजात राग नव्हता. "तुमी दारातच म्हणाल्या, झोपले हायेत. आतून दादाची घरघर ऐकू येऊन राहिली होती मले. मी समजलो, आन् गेलो."

"आन् मंग?"

"मंग तुमचा टी.व्ही. आला आन् थाप बंद झाली. मी तीन दिवस इकडून मारून पाह्यली. जवाब नाई आला. मले वाटलं, दादाले आता घरचा टी.व्ही. झाला. आता भिवा कायले लागते त्याले? मी बी मंग आवाज बंद केला. मनात म्हटलं, जाऊ दे."

त्या तीन दिवसांत या खोलीत टी.व्ही. मोठ्यानं लावलेला असायचा. येणारे-जाणारे पाहायला यायचे. त्या गोंगाटात भिंतीवरची थाप आम्हाला कुणाला ऐकू गेली नव्हती. पुंडलिकरावांना गेली असणार. माझ्या डोळ्यांपुढे त्यांच्या गळ्याच्या त्या ताठ शिरा आल्या आणि मी उठून बाहेर गेले.

जयवंताबाई त्या दिवशी रडल्या नाहीत. अंगणात तेराव्याची भांडी घासून पालथी घातलेली होती, ती सगळी त्यांनी पुन्हा राख लावून घासायला घेतली. सुमन उठवायला गेली तर म्हणाल्या, "राहू दे. चिकट लागून राहिली."

आठ दिवसांनी मला त्यांनी बाकीचं सांगितलं. संक्रांतीच्या दिवशी भिवाजी दारातून परत गेला आणि त्या आत वळल्या, तेव्हा पुंडलिकराव त्यांच्याकडेच पाहत होते. भावाचा आवाज त्यांनी ऐकला होता. "डोये असे मोठे केले होते बाई. मी समजली नाई असं नाई. समजली. पण मनात म्हटलं, नऊ वर्स कोठी होता हा? सुमनच्या लग्नाले नाई आला, नातू झाला त नाई आला, आता पडलेल्या माणसाले पाह्याले आला. मी पांघरूण सारखं केलं आन् चुलीकडे गेली. मंग जवा भिंतीवर हात मारू लागले, तवा माह्या मनात एकडाव आलं होतं. एकडाव. मी ते दाबून टाकलं. टी.व्ही. पाह्यजे म्हटलं का सोपं होतं ना. टी.व्ही. आणता येते."

मी त्यांना म्हटलं, सगळ्यांचीच चूक झाली, मीही तेच म्हटलं होतं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. "तुमाले काय माहीत होतं?" त्या म्हणाल्या.

नंतर सुमननं त्यांना लोधीखेड्याला नेलं. महिनाभर राहून त्या परत आल्या. बाग भिवाजी पाहू लागला. रोज सकाळी येऊन विचारायचा, "वैनी, आज पाणी कोणत्या ओळीले द्यायचं?" आणि त्या सांगायच्या. दोघं बोलायची ती फक्त झाडांविषयी. टी.व्ही. त्यांनी सुमनच्या घरी पाठवून दिला. भिंत पाडू का, असं भिवाजीनं एकदा माझ्यादेखत विचारलं. त्या नको म्हणाल्या. का, ते सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी गावात एका म्हाताऱ्याला लकवा झाला. जयवंताबाई न बोलावता तिथे गेल्या आणि त्याच्या सुनेला पहिलं विचारलं, "याचं कोणाशी भांडण हाये का? असन त त्याले आधी बोलवा. मंग दवापाणी." सून घाबरली. पण तिनं बोलावलं, असं मी ऐकलं.

८९ मध्ये माझी बदली सौसरला झाली. निघायच्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी चहा केला. केस बरेच पिकले होते आणि तो आवाज आता अंगणाच्या बाहेर जात नव्हता. मी उठले तेव्हा माझा हात धरून म्हणाल्या, "बाई, तुमी शिकल्या-सवरल्या. एक खरं सांगा. मी मान सरळ करू तवा त्यायले काय वाटत असन? त्यायले असं त नाई वाटलं ना, का ही मुद्दाम करून राहिली?"

  मी माझा दुसरा हात त्यांच्या हातावर ठेवला.

तेवढ्यात बाहेरून केसरबाईनं हाक मारली, "जाऊबाई, चला ना, तोडणीवाल्या बाया येऊन राहिल्या बागेत." जयवंताबाईंनी माझा हात सोडला, डोळे पुसले, दाराआडचं टोपलं उचललं आणि तिच्यामागे बागेकडे निघाल्या.